अर्नेस्ट लॉरेन्स

अर्नेस्ट लॉरेन्स यांचा जन्म १९०१ साली अमेरिकेतील कँटन या छोट्या गावी झाला. १९२९ मध्ये बर्कले येथे एक जर्मन नियतकालिक त्यांच्या हाती आले. ती भाषा त्यांना बेताचीच येत होती. तथापि आकृत्यांवरून मर्म उमगले. सूक्ष्म कणाला एकदम प्रचंड विद्युतदाब देण्याऐवजी, झोपाळ्याला द्यावा तसा लहान धक्का वारंवार द्यावा. कण सरळ धावला, तर यंत्र फारच लांब होईल. म्हणून चुंबकाने त्याला गोल फिरवावे.

कल्पना सोपी, घडण मात्र कठीण. आत हवा राहिली, तर कण तिच्यावर आदळून वाटेतच थबकतात. त्यांचे विद्यार्थी लिव्हिंग्स्टन यांनी तळहातावर मावेल एवढी पितळी डबी केली, फटी लाखेने बुजवल्या व हवा काढून घेतली. जानेवारी १९३१ मध्ये, दोन हजारांहूनही कमी व्होल्टवर हायड्रोजनच्या आयनांनी ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा गाठली. हाच सायक्लोट्रॉन! त्यासाठी लॉरेन्स यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे बंधू डॉ. जॉन याच यंत्राच्या किरणांनी कर्करुग्णांवर उपचार करीत.

महायुद्धात याच विद्येतून युरेनियमचे समस्थानिक वेगळे करणारी यंत्रे ओक रिज येथे उभी राहिली. तांबे दुर्मीळ, म्हणून चुंबकांची वेटोळी सरकारी खजिन्यातील हजारो टन चांदीची केली. तेथील युरेनियम १९४५ मध्ये हिरोशिमावरील बॉम्बमध्ये वापरले गेले. लॉरेन्स १९५८ मध्ये निवर्तले. उसन्या चांदीचा शेवटचा हिस्सा खजिन्यात परतला, तो १९७० साली.