डॉ. आनंदीबाई जोशी आणि क्षयाचा जंतू

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यांचा मृत्यू क्षयाने झाला, एवढे एका वाक्यात सांगून बहुतेक लेख संपतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, जंतुशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण त्या एका वाक्यात काय दडले आहे, ते शोधावेसे वाटले.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि वैद्यकीय मदतीअभावी दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याचा निश्चय त्या दुःखातला. गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेतील मासिकात छापले गेले आणि ते न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचले. एवढ्याशा योगायोगावर पुढचे सारे उभे राहिले!

आनंदीबाई अजून हिंदुस्थानातच होत्या, सतरावे वर्ष सरत आले होते, तेव्हा 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. हा जंतू सहजासहजी दिसत नसे, कारण त्याच्या अंगावर मायकॉलिक आम्लाचा मेणचट थर असतो. नेहमीचे रंग त्यात शिरत नाहीत, आणि रंगवल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखाली काही उमगत नाही.

हेच कवच रोग्याचा घात करते. श्वासाबरोबर जंतू फुफ्फुसात उतरला, की शरीराच्या भक्षक पेशी त्याला गिळतात. पण त्याच्या पृष्ठभागावरील लिपोअरॅबिनोमॅनन नावाचा रेणू पेशीतली पचनाची क्रियाच अडवतो. चोर तुरुंगात गेला आणि तिथेच संसार थाटून बसला, असा हा प्रकार. कवचातला दुसरा रेणू, कॉर्ड फॅक्टर, उलट शरीराला चिथावतो. जंतूभोवती पेशींचा वेढा पडतो, गाठी होतात, दाह वाढतो. गाठीचा गाभा मरून चक्क्यासारखा होतो, तो फुटला की फुफ्फुसात पोकळी पडते. मला नवल वाटले ते याचे, की हा जंतू घटसर्पाच्या जंतूसारखे जहाल विष सोडत नाही. फुफ्फुस पोखरते ते बरेचसे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकाराने. ताप आणि अंग झडणे हीदेखील त्याच प्रतिकाराची किंमत. आपल्या कन्नड विभागाचे वाचकही या रोगाला क्षयच म्हणतात. झिजणे, हा अर्थ दोन्हीकडे एकच.

एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. प्रकृती आधीच तोळामासा. डोकेदुखी, ताप, धाप हे निघण्यापूर्वीचेच. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. तिथली थंडी आणि परके अन्न मानवले नाही, क्षयाने गाठले, तरी 11 मार्च 1886 रोजी त्यांनी पदवी घेतली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. पण 1886 च्या अखेरीस त्या परतल्या त्या अंथरुणाला खिळण्यासाठीच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या घराण्याच्या दफनभूमीत ती आहे.

जंतूचे नाव ठाऊक होते, औषध मात्र नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडले. आयसोनियाझिड 1952 मध्ये वापरात आले, म्हणजे आनंदीबाईंनंतर पासष्ट वर्षांनी. ते जंतूला मायकॉलिक आम्लच बनवू देत नाही, म्हणजे घाव थेट त्या मेणाच्या कवचावर. आज मधुबन जलाशयाकाठच्या आमच्या दुधनीतल्या रोग्यालाही सरकारी योजनेतून थुंकीची तपासणी आणि औषधे फुकट मिळतात. साध्या क्षयाला सहसा सहा महिन्यांच्या गोळ्या लागतात, आणि त्यांत आयसोनियाझिड असतेच.