स्वच्छताव्रती श्रीसंत गाडगे महाराज

परीट समाजात जन्म घेऊन अखिल महाराष्ट्रास वंदनीय झालेल्या श्रीसंत गाडगे महाराजांचे पुण्यस्मरण या स्मरणिकेत करताना आमचे अंतःकरण कृतज्ञतेने भरून येते.

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील मद्यपानाच्या व्यसनापायी अकाली निवर्तले. मातोश्री सखूबाई बाळास घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे डेबूजींनी गुरे राखली, शेती कसली. कन्येच्या बारशास मद्यमांसाची पंगत घालण्याची चाल मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. सुधारणेचा आरंभ असा स्वतःच्या घरापासून करून १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला.

अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हाती खराटा व दुसऱ्या हाती मातीचे गाडगे, या वेषात ते गावोगाव फिरले. गावात शिरताच ते प्रथम रस्ते झाडीत, केरकचरा उचलीत, गटारे मोकळी करीत. श्रम झाल्यावरच भाकरी मागत. रात्री कीर्तनास उभे राहत, तेव्हा दारू, कर्ज काढून केलेली लग्नकार्ये, पशुबळी आणि अस्पृश्यता या घाणीवर त्यांचा खराटा चाले. कोणी पाया पडलेले त्यांना खपत नसे.

पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे पौषातील रविवारी यात्रा भरे. स्नानास उतरणारे यात्रेकरू चिखलात घसरत. महाराजांनी स्वतः राबून तेथे वाट केली. पुढे घाट बांधविला. पंढरपुरी वारीच्या गर्दीत पटकीची साथ फैलावत असे. अशा क्षेत्री गोरगरिबांना निवारा हवा, हे जाणून त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी मात्र झोपडीही बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या नावे राज्य शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

समाजबांधवहो, आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचे कपडे धुतले. गाव शुभ्र वस्त्रे ल्याले आणि धुणाऱ्यास मात्र हीन लेखले. त्या अपमानामुळे आपल्यापैकी कित्येकांना घाटावरील दगडाचे व भट्टीचे नाव काढण्याचीही लाज वाटू लागली. महाराजांनी तर त्याहून हलके मानलेले काम आपण होऊन पत्करले आणि सफाई करणारा हीन नसून घाण करणारा हीन होय, हे आचरणाने सिद्ध केले.

दर जयंतीस आम्ही त्यांच्या प्रतिमेस पुष्पहार घालतो. परंतु पंगत उठल्यावर पत्रावळी मंडपामागे तशाच पडलेल्या असतात, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते. त्या उचलण्यासाठी मोलाने माणूस शोधण्याची प्रथा यापुढे आपण सोडू या. प्रथम पदाधिकाऱ्यांनी खराटा हाती घ्यावा, अंगण झाडावे, हातपाय स्वच्छ धुवावेत आणि मगच हार उचलावा, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.