दारोदार फिरून माहिती गोळा करणारे बाबासाहेब



2019 च्या महापुरानंतर आमच्या नृसिंहवाडीत तलाठ्याचे पंचनामे झाले, ते शिरोळ तालुक्यातल्या वाचकांना आठवत असतील. कागदावर नाव आले नाही तर माणसाला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. कोण मोजला गेला आणि कोण राहून गेला, याचे मोल पुराच्या गावाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे मोल फार लवकर ओळखले. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो. पण ते जन्मभर समाजाचा शोध घेणारे अभ्यासक होते, हे आपण मुलांना फारसे सांगत नाही.

1891 साली महूला जन्मलेले भीमराव 1913 साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. 9 मे 1916 रोजी, वयाच्या पंचविशीत, त्यांनी तेथे जातीच्या उगमावर निबंध वाचला. जातीतच लग्न करण्याचे बंधन हेच जातीचे मूळ, असे त्यांनी त्यात दाखवले. ज्याने जातीचे चटके सोसले, त्याने शिव्याशाप न देता तिचा उगम शोधावा, याचे मला आजही नवल वाटते. 1918 साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिले. तुकडे एकत्र करा, असा तेव्हा सगळीकडे घोष होता. बाबासाहेबांनी आकडे तपासून सांगितले की जमिनीवर माणसांचा भार फार आहे, भांडवल कमी आहे, आणि खरा उपाय उद्योगधंदे वाढवण्यात आहे. मार्च 1920 मध्ये ते आपल्याच जिल्ह्यात माणगावला परिषदेस आले, शाहू महाराजही आले. त्याच वर्षी ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले.

आता एक प्रसंग नीट ऐका. अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने 1928 साली स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. त्यांच्या वाट्याला खानदेश आला. ऑक्टोबर 1929 मध्ये, त्याच दौऱ्यात, एका गावातल्या बहिष्काराची चौकशी आटोपून ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. महारवाड्यातील मंडळी त्यांना न्यायला आली होती. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. तासभर खोळंबा झाला. शेवटी टांगा मिळाला तो हाकणाऱ्याशिवाय. मग वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. टांगा आणि घोडा नदीत पडले.

वाचकहो, अस्पृश्यता आहे की नाही याची चौकशी करायला निघालेल्या सरकारी समितीच्या सभासदाला तिचा पुरावा असा अंगावर घ्यावा लागला! तरी काम थांबले नाही. समितीचा अहवाल 1930 साली सरकारला सादर झाला. खेड्यापाड्यांतली गाऱ्हाणी तेव्हा सरकारी कागदावर आली.

पुढे 1948 साली त्यांनी अस्पृश्यांच्या मूळ शोधावर ग्रंथ लिहिला. अस्पृश्य म्हणजे वेगळ्या वंशाचे लोक, हा समज त्यांनी नाकाची मापे घेऊन जमवलेल्या आकड्यांनीच खोडून काढला. आणि जेथे सरळ पुरावा मिळत नव्हता, तेथे आपण अनुमान करीत आहोत हे त्यांनी लपवले नाही. पदव्या मिरवणाऱ्या कित्येकांना एवढे जमत नाही.

आम्हा शाळामास्तरांना खानेसुमारीचे कागद घेऊन घरोघर जावे लागते. नवदीक्षित घरांत धर्माच्या रकान्यापाशी वडीलधारी माणसे अडखळतात. बौद्ध लिहिले तर सवलती जातील, ही जुनी भीती. ती 1990 सालीच संपली. अनुसूचित जातीच्या यादीत तेव्हापासून बौद्धांनाही स्थान आहे. काहीजण विचारतात, मास्तर, जात सोडली, मग ती पुन्हा का सांगायची? प्रश्न रास्त आहे, मलाही तो टोचतो. पण जात मोडू पाहणाऱ्या बाबासाहेबांनीच तिची माहिती गावोगाव जाऊन गोळा केली होती. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 65 लाख बौद्ध नोंदले गेले. पुढच्या वेळी मोजणारा दारात आला की त्याला घरात बसवा, पाणी द्या, धर्म बौद्ध सांगा, जातीचे विचारले तर जे खरे ते सांगा, आणि त्याने काय लिहिले ते घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.