डॉ. रखमाबाई : एका नकाराची कहाणी

भगिनींनो, वर्धापनदिन म्हटला म्हणजे आपल्याला आधीच्या पिढ्यांतील थोर स्त्रियांची आठवण होते. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, आनंदीबाई जोशी ही नावे तर आपल्या मुलींनाही पाठ आहेत. त्यांच्याच पंगतीला बसणारे एक नाव मात्र आपण तितक्या चटकन घेत नाही. ते नाव डॉ. रखमाबाईंचे. त्यांनी ना मोठी चळवळ उभारली, ना सभा गाजविल्या. त्यांनी एकदा ‘नाही’ म्हटले आणि त्या एका शब्दाची किंमत आयुष्यभर मोजली.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदी लहान असतानाच वारले आणि आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. घराणे सुतार ज्ञातीचे. या ज्ञातीत विधवेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला, आणि आपल्याकडे आलेली पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन मोठे विद्वान गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. सावत्र मुलीवर त्यांनी पोटच्या मुलीसारखी माया केली.

परंतु अशा सुधारकी घरातही रूढीचा पगडा सुटला नव्हता. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न डॉक्टरांच्याच नात्यातल्या दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. नवरा मुलगा विशीच्या आतबाहेर होता. घरची गरिबी, म्हणून त्याने सासुरवाडीस राहावे, शिकावे, मार्गी लागावे असे ठरले होते. ते काही जमले नाही. दादाजींचे शाळेत मन रमेना आणि ते मामाच्या घरी जाऊन राहिले. इकडे डॉक्टरांनी मुलीला कोवळ्या वयात सासरी पाठविण्यास नकार दिला. ती माहेरीच राहिली आणि मिळतील ती पुस्तके वाचू लागली. अशी एक ना दोन, जवळजवळ आठ वर्षे गेली. अकरा वर्षांची पोर वीस वर्षांची विचारी तरुणी झाली.

१८८४ च्या मार्च महिन्यात दादाजींनी वकिलामार्फत पत्र धाडले, की माझी बायको माझ्या घरी पाठवा. रखमाबाई गेल्या नाहीत, तेव्हा प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेले. नवऱ्याची प्रकृती बरी नाही, त्याला पोटापाण्याचे साधन नाही, मामाच्या घरचे वातावरण ठीक नाही, अशी कारणे रखमाबाईंच्या बाजूने मांडली गेली. उलट, मालमत्तेच्या लोभाने माहेरचे लोक मुलीला अडवून धरीत आहेत, असे दादाजींचे म्हणणे होते. पण या सगळ्याच्या तळाशी एकच प्रश्न होता. ज्या लग्नाला आपण कधी होकार दिला नाही, देण्याचे वयही नव्हते, ते लग्न आपल्याला बांधील कसे? हा प्रश्न त्या काळी एका हिंदू मुलीने कोर्टात उभा करावा, ही गोष्टच लोकांना भोवळ आणणारी होती.

त्याच सुमारास, १८८५ साली, ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंचीच होती, हे पुढे उघड झाले. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. नांदावयास लावण्याचा दावा हा इंग्लंडच्या कायद्यातून आलेला. जिथे संसारच कधी सुरू झाला नाही, तिथे तरुण स्त्रीला बळजबरीने नवऱ्याच्या स्वाधीन करण्यास आधार नाही, असे त्यांनी ठरविले. दादाजींचा दावा फेटाळला गेला.

यावर मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने आणि टिळकांनी निकालावर कडक टीका केली. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या धर्मात व संसारात हात घालू नये, ही त्यांची भूमिका होती. सुधारकांपैकी बेहरामजी मलबारींसारखे लोक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. शेजारीपाजारी आणि जातभाई काय बोलत असतील, ते आपणा बायकांना कोणी वेगळे सांगावयास नको. त्यात सावत्र वडिलांचे छत्रही १८८५ सालीच हरपले होते.

१८८६ मध्ये अपिलात पहिला निकाल फिरला आणि खटला पुन्हा चालला. मग आला १८८७ चा फेब्रुवारी महिना. अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी २६ तारखेला पुण्यात वारल्या. मायदेशी डॉक्टरकी करणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, ४ मार्च रोजी, न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना हुकूम केला, की महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा.

रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. चोरी नाही, फसवणूक नाही. कुलीन घरातली बाई, केवळ नांदावयास जाणार नाही म्हणून कोठडीत जाऊन बसण्यास तयार झाली! हा तिचा निर्धार पाहून विरोधकही चपापले. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी करण्याचा आग्रह सोडला. पुढल्याच वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले. पुरुषाला ते मोकळे होते. रखमाबाईंना मात्र दुसरा संसार मांडण्याची वाट नव्हती. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर रखमाबाई खटला हरल्याच. कोणत्याही न्यायाधीशाने त्यांना स्वातंत्र्य दिले नाही. ते त्यांनी आपल्या हिमतीवर घेतले.

आता या स्वातंत्र्याचे करावयाचे काय? इथे त्यांना भेटल्या डॉ. ईडिथ पीची. मुंबईचे कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झाले, तेथे त्या प्रमुख होत्या. अन्याय म्हणजे काय, हे पीचीबाईंना कोणी शिकवावयास नको होते. एडिंबरोला शिकत असताना रसायनशास्त्रात त्या पहिल्या आल्या, तरी केवळ बाई म्हणून त्यांची शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली गेली होती. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला, मदत मिळवून दिली. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या.

१८९५ पासून सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात आणि १९१८ पासून राजकोटच्या जनाना इस्पितळात मिळून सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी सेवा केली. परपुरुषाने नाडी पाहण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या बायाबापड्या तेव्हा घरोघरी होत्या. कित्येक बाळंतिणी अंधाऱ्या खोलीतच दगावत. अशांच्या उशाशी बसणे, हेच रखमाबाईंचे जीवितकार्य झाले. निवृत्त झाल्यावरही पडदा मोडला पाहिजे, हे सांगणारी पुस्तिका त्यांनी लिहिली.

एक गोष्ट मात्र विचारात पाडते. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा ज्यांच्या घरी त्यांनी कधी पाऊल टाकले नाही, त्यांच्या नावाने रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र परिधान केले. कोणी याला संस्कार म्हणेल, कोणी लोकलज्जा. मला वाटते, कोर्टाने किंवा जातीने सांगितले म्हणून काही करावयाचे नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. नकार त्यांचा होता, तसे हे वस्त्रही त्यांच्याच मर्जीचे असेल.

त्यांच्या खटल्याने चेतलेली चर्चा विझली नाही. बंगालमधील कोवळ्या फुलमणीच्या मृत्यूने तिला आणखी धार आली आणि १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे झाली. नांदावयास न गेल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा आला आणि नको असलेल्या लग्नातून कायद्याने सुटण्याची वाट देशभरच्या हिंदू स्त्रियांना मोकळी झाली; नांदण्याच्या दाव्याचे कलम मात्र त्यातही राहिलेच. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी रखमाबाईंनी देह ठेवला.

भगिनींनो, रखमाबाईंचे चित्र भिंतीवर लावून हार घालणे सोपे आहे. आपल्या घरातली मुलगी पाहुण्यांसमोर मान खाली घालून हळूच ‘मला हे लग्न नको’ म्हणते, तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून तिचे ऐकणे अवघड. तेवढे जरी आपल्याकडून झाले, तरी रखमाबाईंचे थोडेफार ऋण फिटले असे म्हणता येईल.