पाथरवटाने घेतलेले नाव

(द्वितीय वर्ष, कला)

माणसाला पहिले नाव मिळते ते लहानपणी, आणि ते त्याला विचारून कोणी ठेवत नाही. पुढे जन्मभर तो त्याच नावाला ओ देत राहतो. परंतु जाणत्या वयात स्वतःचे नाव स्वतः निवडणारी माणसेही जगात आहेत. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या जुन्या उपासना पुन्हा सुरू करू पाहणारे लोक ब्रिटनमध्ये आहेत. त्यांना पेगन म्हणतात. त्यांच्यापैकी पुष्कळजण दीक्षा घेताना नवे नाव धारण करतात. कोणी झाडाचे नाव घेतो, कोणी पक्ष्याचे, तर कोणी एखाद्या विस्मृत देवतेचे. या लोकांतील ड्रुइड पंथाच्या विधींचा बराच भाग एका वेल्श पाथरवटाच्या डोक्यातून निघालेला आहे. त्याने स्वतःसाठी एक नाव निवडले, आणि त्या नावाने तो अजरामर झाला.

त्याचे मूळ नाव एडवर्ड विल्यम्स. १० मार्च १७४७ रोजी दक्षिण वेल्सच्या ग्लॅमॉर्गन परगण्यात, लानकारव्हन या गावाच्या परिसरात त्याचा जन्म झाला. वडील पाथरवट होते. एडवर्ड कधी शाळेत गेला नाही. वडील थडग्यांच्या दगडांवर अक्षरे कोरीत, ती पाहून पाहून आपल्याला अक्षरओळख झाली, असे तो पुढे सांगत असे. आई मात्र शिकलेली होती. वाचनाची गोडी तिनेच त्याला लावली. घरात इंग्रजी बोलली जाई. वेल्श काव्याचे शिक्षण त्याला मिळाले ते आसपासच्या कवींकडून आणि कोशकारांकडून. १७७० साली आई वारली. त्यानंतर हातोडा आणि छिन्नी घेऊन तो कामाच्या शोधात लंडनपर्यंत गेला.

त्याच्या मुलखात एडवर्ड विल्यम्स हे नाव पैशाला पासरी. कवी म्हणून ते त्याला पुरेना. वेल्श कवी स्वतःसाठी वेगळे काव्यनाम घेत असत. त्यानेही एकदोन नावे लावून पाहिली आणि अखेर योलो मोर्गानुग या नावावर तो स्थिरावला. एडवर्डच्या जागी वेल्श लोक योरवर्थ म्हणत. योलो हे त्याचेच लाडके रूप. मोर्गानुग म्हणजे ग्लॅमॉर्गन. म्हणजे आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव होते, तसेच हे झाले. या नावात मोठेपणाचा एकही शब्द नाही. आपण कोण आणि कुठले, एवढेच ते सांगते.

पुढचे आयुष्य हालाचेच गेले. दम्याने तो बेजार असे आणि त्यावर अफूचा अर्क घेई. ती सवय अखेरपर्यंत सुटली नाही. १७८१ मध्ये त्याचे लग्न झाले. कर्ज फेडता न आल्यामुळे १७८६-८७ मध्ये त्याला कार्डिफच्या तुरुंगात राहावे लागले. पण तत्त्वाला तो पक्का होता. गुलामगिरीचा त्याला मनस्वी तिटकारा. काउब्रिज गावी त्याने लहानसे दुकान काढले, त्यात गुलामांच्या श्रमातून आलेली साखर तो ठेवीत नसे. त्याऐवजी पूर्वेकडची, ईस्ट इंडियाची साखर विकी. १७९४ मध्ये त्याच्या इंग्रजी कविता दोन खंडांत निघाल्या. त्यांच्या वर्गणीदारांत अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हेही होते.

त्याआधी, २१ जून १७९२ रोजी, लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर त्याने एक अपूर्व सोहळा केला. दगडांचे वर्तुळ मांडून त्यात कवींची सभा भरवली. तिला वेल्श भाषेत गोर्सेध म्हणतात. ही प्राचीन ड्रुइडांची परंपरा असून ती ग्लॅमॉर्गनच्या कवींनी अखंड जपली आहे, असे त्याने जाहीर केले. प्रत्यक्षात ती परंपरा त्याने स्वतःच रचली होती.

एवढ्यावरच तो थांबला नाही. चौदाव्या शतकातील थोर कवी डाविध अप ग्विलिम याच्या कवितांचा संग्रह १७८९ मध्ये निघाला. त्याच्या पुरवणीत योलोने स्वतःच्या कविता त्या कवीच्या नावाने घुसडल्या. त्या इतक्या सुंदर होत्या, की शंभर वर्षांहून अधिक काळ पंडितही फसले. विसाव्या शतकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स या अभ्यासकाने त्याची हस्तलिखिते पिंजून काढली आणि १९२६ मध्ये ग्रंथ लिहून खरे काय ते दाखवून दिले.

मग प्रश्न पडतो, की इतके चांगले लिहिणाऱ्याने ते मेलेल्या माणसाच्या नावावर का टाकावे? माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला थोडेफार उमगते. ज्याच्यामागे शाळा नाही, पैसा नाही, घराणे नाही, त्याचा शब्द सहसा कोणी तोलूनही पाहत नाही. तोच शब्द चारशे वर्षांपूर्वीच्या कवीचा म्हटला, की विद्वान माना डोलावतात. योलोला हे पुरते कळले होते. शिवाय आपला परगणा काव्यात कोणाहून उणा नाही, हे त्याला सिद्ध करायचे होते. तरीही त्याच्या वागण्याचे समर्थन करता येत नाही. त्याच्यावर विसंबून ज्यांनी इतिहास लिहिला, त्यांचे कष्ट वाया गेले. आणि त्याचे स्वतःचेही नुकसान झाले. ज्या कवितांमुळे त्याची गणना मोठ्या कवींत झाली असती, त्यांच्याखाली त्याचे नावच नव्हते.

१८१९ मध्ये कारमार्थन येथे त्याने आपली गोर्सेध आयस्टेधवॉड या वेल्श साहित्य-संगीत महोत्सवाशी जोडून दिली. १८ डिसेंबर १८२६ रोजी तो वारला, पण ही सभा आजही भरते. तिच्यात प्रवेश करणारे नवे नाव घेतात. १९४६ मध्ये राजकन्या एलिझाबेथ, ज्या पुढे राणी झाल्या, तिच्या सदस्य झाल्या. त्यांचे तिथले नाव ‘विंडसरची एलिझाबेथ’ अशा अर्थाचे होते; म्हणजे घडण योलोच्याच नावाची. २००२ मध्ये आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी तिच्यात प्रवेश केला, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरूने पेगन विधी केला अशी ओरड झाली. वास्तविक योलो स्वतः एकेश्वरवादी ख्रिस्ती होता, आणि १८०२ मध्ये दक्षिण वेल्समधील युनिटेरियन संस्थेच्या स्थापनेत त्याचा पुढाकार होता.

उसन्या नावांखाली त्याने जे जे लपवले, ते अभ्यासकांनी एकेक करून उघडे केले. उरले ते त्याने स्वतः निवडलेले साधे नाव. ते मात्र कोणालाही खोडता आले नाही, कारण त्यात खोटे काही नव्हते. आपण ग्लॅमॉर्गनचे, हे त्याला सांगायचे होते आणि तो ग्लॅमॉर्गनचाच होता. आपल्यापैकी ज्यांना मागे घराण्याचे नाव नाही, त्यांनी त्याच्याकडून एवढेच घ्यावे. नाव हवे तर नवे घ्यावे, पण त्याखाली जे लिहायचे ते आपले म्हणूनच लिहावे.