ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (४ जून १८२९ – ३१ जुलै १९१२) हे ब्रिटिश सनदी अधिकारी, पक्षिशास्त्रज्ञ आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे एक संस्थापक होते. पाठ्यपुस्तकांतून त्यांची ओळख काँग्रेसचे संस्थापक एवढीच होते. तथापि भारतीय पक्ष्यांच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांतही त्यांचे स्थान अग्रगण्य आहे. बंगालच्या उपसागरातील निर्जन ज्वालामुखी बेटांवरील पक्ष्यांच्या नोंदी त्यांनी १८७३ च्या सागरी मोहिमेत केल्या.

पूर्वायुष्य

ह्यूम यांचे वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश संसदेचे सुधारणावादी सदस्य होते. शिक्षण पूर्ण करून ह्यूम १८४९ मध्ये भारतात आले व बंगाल सनदी सेवेत रुजू झाले. इटावा जिल्ह्यात त्यांनी मोफत प्राथमिक शाळा सुरू केल्या. १८५७ च्या उठावात त्यांचा पक्ष्यांचा सुरुवातीचा संग्रह नष्ट झाला, परंतु त्यांनी तो नव्याने उभारण्यास प्रारंभ केला. १८७१ मध्ये ते भारत सरकारच्या महसूल, कृषी व वाणिज्य खात्याचे सचिव झाले. पुढे त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे पक्षिशास्त्राला वाहिलेले नियतकालिक सुरू केले.

ज्वालामुखी बेटांची मोहीम

मार्च १८७३ मध्ये ह्यूम अंदमान-निकोबारच्या सफरीवर निघाले. भूशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का व व्हॅलेंटाइन बॉल आणि कलकत्त्याच्या संग्रहालयातील जेम्स वुड-मेसन हे त्यांच्यासोबत होते. आगबोटीने बेटाजवळ जायचे, किनाऱ्यावर उतरून पक्ष्यांचे निरीक्षण करायचे, नमुने जमवायचे आणि पुढच्या बेटाकडे निघायचे, असा त्यांचा क्रम होता. दुर्बिणी व छायाचित्रण आजच्याइतके प्रगत नसल्याने पक्षी मारून त्यांची कातडी जतन करणे हीच त्या काळी अभ्यासाची मान्य पद्धत होती.

या सफरीत त्यांनी बॅरन व नारकोंडम ही बेटे पाहिली. भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकत असल्याने या पट्ट्यात ज्वालामुखी निर्माण झाले आहेत. अंबरनाथ-बदलापूर परिसरातील डोंगरांचा काळा कातळही लाव्हारसापासूनच बनलेला आहे; मात्र तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर बॅरन हा भारतातील आजही जागृत असलेला एकमेव ज्वालामुखी आहे. १८३२ नंतर तो शांत होता व १९९१ मध्ये पुन्हा उसळला. ह्यूम यांची भेट या शांततेच्या काळातील होय.

नारकोंडम हे जेमतेम सात चौरस किलोमीटरचे, दाट जंगलाने वेढलेले बेट आहे. तेथील धनेश पक्षी वेगळ्या जातीचा असल्याचे ओळखून ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नराचे डोके व मान तांबूस, मादीची काळी आणि दोघांचीही शेपटी पांढरी असते. हा पक्षी जगात इतरत्र कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. अंदमानातील एका लहान घुबडालाही ह्यूम यांनी बॉल यांचे नाव दिले. या बेटांवरील त्यांचा विस्तृत लेख १८७४ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'मध्ये प्रसिद्ध झाला. १८७५ मध्ये त्यांनी लक्षद्वीप बेटांचीही सफर केली.

ग्रंथाचा शेवट

वरिष्ठांशी झालेले मतभेद व स्पष्टवक्तेपणा यांमुळे १८७९ मध्ये ह्यूम यांना सचिवपदावरून दूर करण्यात आले. भारतातील सर्व पक्ष्यांवर बृहद्ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता व त्यासाठी सुमारे पंचवीस वर्षांच्या नोंदी त्यांनी सिमल्यातील निवासस्थानी जमवल्या होत्या. १८८४ च्या सुमारास ते घरी नसताना एका नोकराने ही हस्तलिखिते चोरून बाजारात रद्दीच्या भावाने विकली. अतिवृष्टीत दरड कोसळून त्यांच्या संग्रहालयाचेही नुकसान झाले. त्यामुळे ग्रंथाचा संकल्प त्यांनी सोडून दिला आणि सुमारे ८२,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. या सुमारास ते थिऑसॉफीकडे वळून शाकाहारी झाले होते आणि पक्ष्यांची हत्याही त्यांनी थांबवली होती.

काँग्रेस व उत्तरायुष्य

२८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले व त्यास ७२ प्रतिनिधी उपस्थित होते. हे अधिवेशन मूळ पुण्यात व्हावयाचे होते, परंतु कॉलऱ्याच्या साथीमुळे ते मुंबईस हलवण्यात आले. ह्यूम यांनी अनेक वर्षे काँग्रेसचे सरचिटणीसपद सांभाळले. १८९४ मध्ये ते इंग्लंडला परतले. तेथे ते वनस्पतिशास्त्रात रमले व १९१० मध्ये त्यांनी साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

ह्यूम यांचा नियोजित ग्रंथ कधीच प्रसिद्ध झाला नाही. परंतु बेटांवरील नोंदी नियतकालिकात आधीच छापल्या गेल्यामुळे वाचल्या. नारकोंडम बेट १९७७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथील धनेशाच्या शास्त्रीय नावापुढे वर्णनकर्ता म्हणून आजही ह्यूम यांचे नाव लिहिले जाते.