नाण्यांच्या वजनातून इतिहास मोजणारा गणिती

सरासरी, प्रचरण, प्रमाण विचलन, संभाव्यता हे शब्द बहुतेकांना परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या उजळणीपुरतेच भेटतात. सूत्र पाठ करायचे, आकडे भरायचे आणि उत्तरपत्रिका दिली की विसरायचे, हा सर्वसाधारण परिपाठ. याच प्राथमिक संकल्पना हाती घेऊन प्राचीन भारताच्या इतिहासाचे दार उघडणारा एक विद्वान पुण्यात होऊन गेला. प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव. इतिहासकार म्हणून ते जगभर ओळखले जातात, परंतु त्यांच्या इतिहासलेखनाची सुरुवात ग्रंथालयात नव्हे, तर तराजूपाशी झाली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते अमेरिकेस गेले तेव्हा, १९१८ मध्ये, अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत होता. पुढे त्याच विद्यापीठातून १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवून कोसंबी मायदेशी परतले. बनारस हिंदू विद्यापीठ आणि नंतर अलीगढ येथे अध्यापन करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४५ पर्यंत, सुमारे १२ वर्षे, तेथे गणित शिकवीत राहिले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिकाचा मान मिळाला.

फर्ग्युसनमधील या काळातच ते संख्याशास्त्राकडे वळले. हा विषय त्यांनी स्वतःच आत्मसात केला आणि तोही प्रत्यक्ष प्रश्न हाती घेऊन. त्यांपैकी एक प्रश्न शिक्षकाच्या अगदी जवळचा होता. विद्यार्थ्यांच्या परीक्षांच्या नोंदी त्यांनी संख्याशास्त्राच्या कसोटीवर तपासल्या. निघालेला निष्कर्ष सुखावह नव्हता. परीक्षेतील यशापयश आणि विद्यार्थ्याचे खरे आकलन यांचा संबंध फारच क्षीण असल्याचे त्यांना दिसून आले. गुणपत्रिकेतील आकडा हाही एक मापनच असतो आणि प्रत्येक मापनात चूक दडलेली असते, हे भान त्यांना पुढे कायम राहिले.

दुसरा प्रश्न जुन्या नाण्यांचा. तक्षशिलेच्या उत्खननात चांदीच्या आहत नाण्यांचे साठे मिळाले होते. मोठ्या साठ्यात हजाराहून अधिक नाणी होती. त्यांवर राजाचे नाव नाही, सालही नाही, आहेत ती केवळ ठशांची चिन्हे. मग काळाचा क्रम लावायचा कसा? कोसंबींनी उत्तर वजनात शोधले. टांकसाळीतून निघालेली नवी नाणी तंतोतंत सारख्या वजनाची नसतात. एका सरासरीभोवती ती थोडी पुढेमागे विखुरलेली असतात. व्यवहारात हातोहात फिरताना प्रत्येक नाणे झिजते आणि सरासरी वजन हळूहळू उतरते. मात्र सर्व नाणी सारखीच फिरत नाहीत. काही सतत हात बदलतात, काही वर्षानुवर्षे गाठीला बांधलेली राहतात. त्यामुळे काळ जातो तशी सरासरी घटते आणि विखुरण, म्हणजेच प्रचरण, वाढते. एका सुट्या नाण्यावरून काहीही सांगता येत नाही. पुरेशा मोठ्या समूहावरून मात्र बरेच काही सांगता येते.

हे तत्त्व केवळ कागदावर मांडून ते थांबले नाहीत. ज्यांवर पाडल्याचे साल छापलेले असते अशी चलनातील आधुनिक नाणी वजन करून त्यांनी नियम पडताळून पाहिला. संवेदनशील तराजूवर हजारो नाणी एकेक करून तोलण्याचे हे काम अतिशय कंटाळवाणे होते. पण त्यातून तक्षशिलेच्या नाण्यांविषयी एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. नाण्याच्या मागील बाजूस जितकी बारीक चिन्हे अधिक, तितके सरासरी वजन कमी. याचा अर्थ, ही चिन्हे टांकसाळीत एकदाच उमटवलेली नसून नाणे चलनात असताना वेळोवेळी पडत गेली असली पाहिजेत. ही नाणी कोणी पाडली, हा पुढचा प्रश्न त्यांना संस्कृत ग्रंथांकडे आणि तेथून इतिहासाकडे घेऊन गेला. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथाने या विषयाची दिशाच बदलली.

दरम्यान शुद्ध संख्याशास्त्रातही त्यांची कामगिरी चालू होती. १९४३ मध्ये त्यांनी यादृच्छिक प्रक्रियांच्या विश्लेषणाची जी रीत मांडली, ती पुढे कारहुनेन आणि लोएव यांनी स्वतंत्रपणे शोधली आणि बराच काळ त्या दोघांच्याच नावाने ओळखली गेली. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांचे १९४४ मधील सूत्र आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. भारतातील जन्मदर आणि मृत्युदर ऋतूंनुसार कसे बदलतात, याचाही त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत अभ्यास केला.

१९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. राहणे पुण्यातच होते. डेक्कन क्वीनने जाणे-येणे हा त्यांचा नित्यक्रम बनला. परंतु अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा या देशाला अधिक हितकर आहे, असे ते उघडपणे मांडू लागले आणि संबंध ताणले गेले. त्यात आणखी एका वादाची भर पडली. मूळ संख्यांची मांडणी वरवर यादृच्छिक भासते. या साम्याचा आधार घेऊन, गणितातील अत्यंत अवघड मानले जाणारे रिमान गृहीतक संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध केल्याचा दावा कोसंबींनी १९५९ मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला. गणितज्ञांनी तो स्वीकारला नाही. यादृच्छिक क्रमांविषयी संभाव्यता जे सांगते, ते मूळ संख्यांच्या एकमेव, आधीच ठरलेल्या क्रमाला आपोआप लागू होत नाही. जवळजवळ निश्चित असणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते. नाण्यांच्या बाबतीत ज्यांनी पडताळणीवाचून एक पाऊलही टाकले नाही, त्यांनाच येथे संभाव्यतेच्या मोहाने चकवले. या प्रकरणाने त्यांच्या कीर्तीला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविली नाही. रिमान गृहीतक अद्याप असिद्धच आहे.

कोसंबी मात्र थांबले नाहीत. पुण्याच्या परिसरातील टेकड्या आणि जुन्या वाटा पायी तुडवीत त्यांनी अश्मयुगीन हत्यारे गोळा केली, ग्रामदैवतांची ठाणी नोंदविली. १९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी संलग्न होते. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, पुण्यातील घरी त्यांचे निधन झाले.

२००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पण त्यांचे खरे स्मारक त्या धड्यात आहे, जो विद्यार्थी दरवर्षी घाईघाईने उजळतात. सरासरी किती, एवढे विचारून भागत नाही. विखुरण किती, नमुना किती मोठा आणि पडताळणी झाली का, हेही विचारावे लागते. कोसंबींचे यश या प्रश्नांनी घडविले आणि त्यांची चूकही याच प्रश्नांनी उघड केली.